बाल संरक्षणाच्या कामात जोखीम कशी जोखावी

जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्याने रुजू झालेला कार्यकर्ता पहिल्या महिन्यात कायदा वाचतो, नमुने भरायला शिकतो आणि मग एके दिवशी त्याच्या हातात शाळेची चिठ्ठी पडते: अमुक वस्तीवरची मुलगी वारंवार गैरहजर असते, हातावर भाजल्याची खूण आहे, कृपया लक्ष घालावे. येथून पुढे त्याला दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. हे मूल आज रात्री या घरात सुरक्षित आहे का? आणि आज सुरक्षित असले, तरी पुढच्या चार-सहा महिन्यांत त्याच्या बाबतीत काय घडू शकते? पहिला प्रश्न तातडीचा आहे, दुसरा अंदाजाचा. दोहोंची गल्लत झाली की एक तर मूल घाईने घरातून हलवले जाते, किंवा आज अंगावर काही दिसत नाही म्हणून फाइल बंद होते. दोन्ही चुकांची किंमत मूलच मोजते.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रात बाल कल्याण समितीसाठी (अशा मुलांच्या काळजीबाबत आदेश देणाऱ्या समितीसाठी) सामाजिक तपासणी अहवाल तयार करणाऱ्यांसाठी आहे, मग ते कक्षातले असोत, चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वरचे असोत किंवा स्वयंसेवी संस्थांचे. कायद्याची चौकट त्यांना माहीत असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची असते, जेणेकरून पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता यावा. त्या १५ दिवसांत डोळ्यांनी, कानांनी आणि डोक्याने काय करायचे, हे मात्र कलमांत सापडत नाही. माझ्या अनुभवाने या कामाचे मूळ कौशल्य एकच आहे: आपण जे पाहिले, जे ऐकले आणि जे आपल्याला वाटले, ते तिन्ही शेवटपर्यंत वेगळे ठेवता येणे. बाकीची कौशल्ये त्याच्याच फांद्या आहेत.

घरी जाण्यापूर्वी: तारखांची यादी

चिठ्ठी आली की लगेच गाडी काढण्याचा मोह होतो. मुलाच्या जिवाला धोका असल्याचे कळले असेल तर तो मोह योग्यच आहे, आणि तेव्हा पोलिसांना सोबत घेऊन निघावे. एरवी अर्धा दिवस कागदांना द्यावा. शाळेचे हजेरीपत्रक, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे केसपेपर आणि त्याच घराबद्दल पूर्वी आलेले फोन या सगळ्यांतून एका कागदावर तारीखवार यादी करावी. प्रत्येक तारखेपुढे एकच ओळ लिहावी आणि त्या ओळीत मत घालू नये.

वरच्या चिठ्ठीतल्या मुलीचेच उदाहरण घेतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरा वर्षांची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघाले की गुढीपाडव्याच्या आसपास परतणारे. ती आणि धाकटा भाऊ आजीकडे राहत. गावात ज्याला विचारावे तो म्हणे, ‘ऊसतोडीची पोरं, शाळा बुडायचीच.’ मलाही ते पटले होते. हजेरीपत्रकातून तारखा उतरवून घेतल्या तेव्हा लक्षात आले की हंगामात ती सरसकट गैरहजर नव्हती. बुधवार ते शनिवार ती शाळेत होती, गैरहजेरी होती ती जवळजवळ प्रत्येक सोमवारी आणि मंगळवारी. तालुक्याच्या गावी कामाला असलेला चुलता शनिवारी संध्याकाळी घरी येतो आणि सोमवारी पहाटे जातो, हे नंतर कळले. सुट्या घटनेत जी जोखीम दिसत नाही ती अशी क्रमात दिसते. महिन्यांचा मजकूर जेव्हा एका पानावर येतो तेव्हाच तो क्रम डोळ्यांत भरतो.

कागद वाचताना एक धोका असतो. आपल्या आधी कोणीतरी त्या मुलाला एक लेबल लावून ठेवलेले असते. १९९९ साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए या लहान मुलीच्या अंगावरच्या खुणा एका डॉक्टरने खरजेच्या ठरवल्या. तो शब्द कागदाबरोबर फिरत राहिला आणि खरूज लागेल या भीतीने घरभेटसुद्धा टळली. फेब्रुवारी २००० मध्ये, आठ वर्षांची असताना, सांभाळणाऱ्यांच्या छळाने ती मरण पावली. त्यानंतर झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालात तिला वाचवण्याच्या किती संधी हुकल्या याचा तपशील आहे, आणि तो वाचताना जाणवते की त्या अनेकांकडे माहितीचा एकेक तुकडा होता. ‘खरूज’ हा शब्द आणि ‘ऊसतोडीची पोर’ हा शब्द एकाच जातीचे आहेत. असा शब्द कागदावर दिसला की तो आपल्या यादीत उतरवू नये, त्यामागे कोणी काय पाहिले होते ते विचारावे.

मुलाशी बोलणे

मुलाला एकट्याला भेटल्याशिवाय लिहिलेला अहवाल अपुरा असतो. हे सगळ्यांना मान्य असते, तरी प्रत्यक्षात सर्वांत जास्त टळते तेच, कारण दोन खोल्यांच्या घरात एकटे बोलायला जागाच नसते आणि ‘तिला काय कळतंय, मला विचारा’ म्हणत कोणीतरी मध्ये बसलेलेच असते. अशा वेळी शाळेत, अंगणवाडीत किंवा ओट्यावर, इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बसावे. मूल जमिनीवर बसले असेल तर आपणही जमिनीवर बसावे. पहिली पंधरा मिनिटे वही उघडू नये.

प्रश्न मुलाच्या दिवसाबद्दल असावेत. ‘सकाळी उठल्यापासून काय काय करतेस?’ या प्रश्नात घरातले काम, जेवण, शाळा, झोप, कोणाची भीती आणि कोणाचा आधार हे सारे येऊ शकते. ‘काका मारतात का?’ या प्रश्नाला फक्त हो किंवा नाही येते, आणि ते उत्तर मुलाचे की आपण त्याच्या तोंडात घातलेले, हे पुढे कोणालाच ठरवता येत नाही. ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा घरात कोण होतं?’, ‘नंतर तू काय केलंस?’ एवढ्या तीन प्रश्नांवर पुष्कळ लांब जाता येते. मूल गप्प झाले तर आपणही गप्प राहावे. मला स्वतःला ही शांतता सोसायला शिकायला दोन वर्षे लागली. ती भरून काढण्याच्या घाईत मी किती मुलांचे बोलणे तोडले असेल, हे आज आठवले की वाईट वाटते.

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडले की ते मूल पुन्हा कोणावर विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी खरे ते सांगावे: ‘तुला नीट ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल, त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवीन.’ बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला, तर तेथे खोदून विचारणे थांबवावे. काय झाले, कोणी केले आणि मूल आज त्या माणसाच्या तावडीत आहे का, एवढे मुलाने आपणहून सांगितले तेवढेच, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, अपराध घडण्याची भीती वाटत असली तरीही, आणि न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. जबाब नोंदवण्याचे काम पोलिसांचे आहे आणि कायद्याने ते मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशाशिवाय व्हायला हवे. शिक्षक, कार्यकर्ता, समुपदेशक आणि पोलीस अशा चौघांनी तीच हकिकत चार वेळा वदवून घेतली तर मुलाला चार वेळा इजा होते.

भाषेकडे फार दुर्लक्ष होते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, मेळघाटातले मूल कोरकू बोलते, आणि प्रमाण मराठीतल्या प्रश्नांना ते ‘हो’ म्हणते ते बऱ्याचदा केवळ आदरापोटी. दुभाषी घ्यावा, पण नातेवाईक किंवा गावातला पुढारी घेऊ नये. न बोलणाऱ्या बाळाशी किंवा दिव्यांग मुलाशी बोलणे म्हणजे त्याला निरखणे. कोण जवळ आले की ते सैल होते, कोण आले की आखडते, आणि रडल्यावर कोणाकडे हात पसरते, हे पाहावे.

त्या अकरा वर्षांच्या मुलीने पहिल्या भेटीत काहीच सांगितले नाही. आम्ही चुलीजवळ बसलो होतो. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, तशी ती उठली, धाकट्या भावाला फरफटत आजीच्या मागे नेऊन बसवले आणि परत येऊन फुंकणीने चूल फुंकू लागली. चूल चांगली पेटलेली होती. आलेला माणूस शेजारचाच कोणी होता. मी वहीत एवढेच लिहिले: ‘मोटारसायकलचा आवाज येताच भावाला आजीच्या मागे बसवले, पेटलेली चूल फुंकत राहिली.’ ‘मुलगी घाबरलेली वाटली’ असे लिहिले असते तर ते माझे मत झाले असते, आणि समितीपुढे त्याला तेवढेच वजन मिळाले असते.

घर आणि अंग

घरभेटीत स्वच्छतेची तपासणी करायची नसते. मूल कोठे झोपते, कोणाशेजारी झोपते, दाराला आतून कडी आहे का, आंघोळीला आडोसा आहे का, जेवण कोण वाढते, दारू किंवा कीटकनाशक मुलाच्या हाती लागेल असे ठेवले आहे का, अडचण आली तर मूल कोणत्या घरी पळत जाते, हे पाहायचे असते. एक भेट सांगून करावी, एक न सांगता करावी, आणि दोन्हींची वेळ वेगळी असावी.

जखमांबद्दल थोडे ज्ञान असणे अत्यावश्यक आहे. खेळता-पडता होणारे वण बहुधा गुडघा, नडगी, कपाळ अशा हाडाच्या पुढे आलेल्या जागी असतात. कान, मान, गाल, पोट, नितंब, मांडीची आतली बाजू येथले वण, आणि अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावरचा कोणताही वण, यांची वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. वणाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तसे लिहू नये. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर जन्मतः निळसर डाग असतात, ते मारल्याचे वण नव्हेत. कपडे काढून पाहणे हे कार्यकर्त्याचे काम नाही, ते डॉक्टरांचे आहे. आपले काम सहज दिसले ते नोंदवणे आणि घरातला प्रत्येक जण त्या जखमेचे कारण काय सांगतो ते स्वतंत्रपणे विचारणे हे आहे. त्या मुलीच्या हातावरचा भाजल्याचा वण तिच्या मते भाकरी करताना झाला होता, आजीच्या मते दिवाळीत फटाक्याने. दोन कारणे जुळत नाहीत याचा अर्थ कोणीतरी छळ केला असा लगेच होत नाही, पण हा प्रश्न आता उघडा आहे एवढे त्यावरून ठरते.

हेतू आणि इजा या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथेच समजून घ्यावे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. देणारे आजी-आजोबा बाळ वाचावे म्हणूनच ते करतात. बाळाला होणारी इजा त्यामुळे कमी होत नाही आणि डॉक्टरकडे नेणे टळतच नाही, पण पुढच्या जोखमीचा अंदाज आणि त्यावरची उपाययोजना मात्र पूर्ण बदलते.

गरिबी आणि हेळसांड

या कामात सर्वांत जास्त अन्याय येथे होतो, असे माझे ठाम मत आहे. गळके घर, कोरडी भाकरी, अंगणात खेळणारे उघडे मूल हे पाहून शहरात वाढलेल्या कार्यकर्त्याच्या लेखणीतून ‘पालकांचे दुर्लक्ष’ हे शब्द सहज उतरतात. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: या आईच्या हाती उद्या पैसे आणि रेशन आले, तर ते मुलापर्यंत पोहोचेल का? उत्तर हो असेल तर ती गरज आहे, हेळसांड नव्हे. त्यावर उपाय मूल हलवणे हा नसून मदत पोहोचवणे हा आहे, आणि त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेसारखी दरमहा साहाय्य देणारी योजना राज्यात आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असे स्पष्ट म्हटले आहे, ते अशा घरांसाठीच.

पारधी वस्तीवर जाताना मनात संशय घेऊन जाणे आणि सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये जाताना चहा घेत ‘सुशिक्षित घर आहे’ म्हणून प्रश्न आवरते घेणे, या एकाच पूर्वग्रहाच्या दोन बाजू आहेत. अहवाल लिहून झाल्यावर त्यातली जात, वस्ती आणि उत्पन्न मनाने बदलून पाहावे. निष्कर्ष बदलत असेल तर तो पुराव्यावर उभा नव्हता.

वजन करणे

माहिती गोळा झाली की तीन गोष्टींचे वजन करायचे असते: घडू शकणारी इजा किती गंभीर आहे, ती घडण्याची शक्यता किती आहे आणि ती किती लवकर घडू शकते. शक्यता मध्यम असली तरी इजा जीवघेणी असेल तर थांबता येत नाही. बालविवाहात हे तिसरे माप निर्णायक असते. मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण लागली आणि मुहूर्त चार दिवसांवर आला असेल, तर १५ दिवसांच्या तपासणीला अर्थ उरत नाही. त्याच दिवशी ग्रामसेवकांना, जे ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि पोलिसांना कळवून न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई आदेश मिळवण्याच्या मागे लागावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. म्हणजे असा फोन कोणत्याही जिल्ह्यात येऊ शकतो.

जोखमीसमोर आधार मांडावा लागतो, आणि तेथे शब्दांनी फसायला होते. ‘घरात आजी आहे’ हा आधार नव्हे, ती एक नोंद आहे. चुलता दारू पिऊन आला की आजी काय करते, हा प्रश्न आहे. आमच्या प्रकरणात आजी स्वतःच मार खात होती. तिसऱ्या भेटीत मुलीने सांगितले की ती आजीच्या आड गेली तेव्हा चुलीतले जळते लाकूड हाताला लागले. आजीने फटाक्याची गोष्ट आपल्या मुलाच्या, म्हणजे त्या चुलत्याच्या, धाकाने रचली होती. तिचे नातवंडांवर प्रेम होते, पण त्यांना वाचवण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. प्रेम आणि संरक्षणाची क्षमता या दोन गोष्टी अहवालात वेगळ्या ओळींवर याव्यात.

प्रत्येक बोलण्याला ‘हो ताई, हो सर’ म्हणणाऱ्या कुटुंबाबाबत जास्त सावध असावे. बैठकीला येणे, कागदावर सही करणे, मूल एक दिवस शाळेत पाठवणे यांतून सहकार्य दिसते, मुलाच्या दिवसात बदल झाला हे दिसत नाही. मोजायचा तो बदल. याउलट अंगावर धावून येणारा बाप धोकादायकच असेल असेही नाही, त्याला कदाचित आपले मूल कायमचे नेतील ही भीती असते.

निष्कर्षापूर्वी कागदाच्या दोन बाजूंना दोन स्पष्टीकरणे लिहावीत आणि प्रत्येकाच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधावा. एका बाजूला ‘भावाला सांभाळण्यासाठी शाळा बुडते’, दुसऱ्या बाजूला ‘चुलत्याच्या मुक्कामाशी संबंध आहे’. पहिल्या स्पष्टीकरणात फक्त सोमवार-मंगळवारच का, याचे उत्तर मिळत नव्हते.

लिहिणे आणि ठरवणे

बाल न्याय अधिनियमाखालच्या आदर्श नियम, २०१६ मधला नमुना २२, म्हणजे सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना, पुष्कळ रकाने देतो, पण ‘जोखीम: मध्यम’ एवढे लिहिल्याने समितीला काहीच कळत नाही. काय घडू शकते, कोणाच्या बाबतीत, कोणत्या परिस्थितीत, केव्हापर्यंत आणि कशाने ते टळेल, हे एका वाक्यात यावे. आमच्या अहवालात ते असे होते: ‘आईवडील परत येईपर्यंत चुलता आठवड्याच्या शेवटी याच घरात मुक्कामी राहिल्यास मुलीला व भावाला मारहाणीत गंभीर इजा होण्याची शक्यता जास्त आहे, मुले त्या काळात मावशीकडे राहिल्यास ही शक्यता बरीच कमी होते, मात्र मावशीच्या घराची पाहणी व्हावी आणि आजीच्या सुरक्षिततेची स्वतंत्र व्यवस्था व्हावी.’ मुलीचे स्वतःचे म्हणणेही त्यात तिच्या शब्दांत होते: ‘मावशीकडे जाईन, पण बाळ्याला घेऊनच.’ मुलाचे मत निर्णायक नसेल, पण ते नोंदवणे आणि का मानले किंवा मानले नाही हे लिहिणे आवश्यक आहे. धाकटे भावंड कित्येकदा केवळ चिठ्ठीत नाव नाही म्हणून सुटून जाते, ते येथे तिच्यामुळे सुटले नाही.

गंभीर निर्णय एकट्याने घेऊ नये. वैद्यकीय अधिकारी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस यांच्याकडे असलेले तुकडे एकत्र आणणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. ते करताना मुलाची ओळख गावभर होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने ती उघड करण्यास बंदी आहे. ऊसाच्या फडावरच्या बापाला मी मुकादमाकरवी निरोप दिला नाही, थेट त्याच्याच मोबाइलवर बोललो, कारण मुकादमाला कळले की टोळीला कळते आणि टोळीला कळले की गावाला. वरिष्ठांशी बोलताना फक्त निष्कर्ष सांगू नये, आपल्याला कोणत्या घरी जायची भीती वाटते, कोणत्या आईचा राग येतो, कोणते मूल फार आवडते, हेही सांगावे. या भावना निर्णयात शिरतातच. त्या बोलल्या गेल्या तरच त्यांचा हिशेब ठेवता येतो.

केलेले मूल्यमापन त्या दिवसापुरते खरे असते. पुढच्या पाहणीची तारीख अहवालातच लिहावी आणि कोणत्या घटनेमुळे ती अलीकडे आणावी लागेल तेही लिहावे. आमच्या यादीत चुलत्याची नोकरी सुटणे, आईवडिलांचे परतणे आणि मावशीच्या घरी कोणी नवे राहायला येणे या तीन घटना होत्या. पाडव्यानंतर आईवडील आले तेव्हा पाहणी पुन्हा पहिल्यापासून केली, कारण बाप आपल्या भावासमोर कसा उभा राहतो हे आम्ही तोवर पाहिलेच नव्हते.

कंत्राटी नेमणुकांमुळे या कामात माणसे सतत बदलतात. म्हणून जाणाऱ्या कार्यकर्त्याने फाइल टेबलावर ठेवून जाऊ नये. येणाऱ्याला घेऊन एकदा त्या घरी जावे, मुलासमोर त्याची ओळख करून द्यावी, तारखांच्या यादीवर आपण ज्या प्रश्नांची उत्तरे शोधू शकलो नाही ते लाल शाईने लिहून ठेवावेत, आणि मुलाला स्वतः सांगावे की पुढच्या वेळी मी नसेन, हे येतील.